यादवीतल्या सेनापतींना जोखायचे कशाने? ग्रँट, ली, थॉमस आणि लाँगस्ट्रीट यांच्या निमित्ताने

बोरीबंदर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पावसाने घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही. आम्ही तिघे जुने मित्र परळच्या माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर गेटिसबर्गचा नकाशा पसरून बसलो होतो. उत्तरेच्या तुकड्या म्हणून वाटाणे मांडले होते आणि दक्षिणेच्या म्हणून हरभरे. संध्याकाळी दोन्ही एकाच डब्यात गेले, पण वाद काही मिटला नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१ ते १८६५) सेनापतींची जी प्रतिमा आज आपल्यापर्यंत पोहोचली आहे, ती त्यांच्या रणांगणावरील कामगिरीतून घडली, की युद्ध संपल्यावर कोणी लिहिले, कोण गप्प राहिले आणि कोण कोणत्या पक्षात गेले, यातून घडली? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

त्या युद्धाशी आपला काय संबंध, असे मुंबईकराने तरी विचारू नये. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाची खंडी सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. त्या पैशातून बॅक बे भरणीच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने उभारून दिलेला राजाबाई टॉवर त्या काळाची आठवण देत अजून उभा आहे. १८६५ च्या एप्रिलमध्ये ली शरण आला, ती बातमी येथे पोहोचली आणि तो सगळा डोलारा कोसळला. लढाई लांबली की भाव चढणार, हे मुंबईच्या दलालाला पक्के ठाऊक होते. त्याने ग्रँट आणि ली यांना बहुधा याच एका मापाने मोजले असेल, आणि ते माप निदान प्रामाणिक तरी होते.

आता मुद्द्याकडे येतो. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याची सर्वमान्य प्रतिमा म्हणजे अजेय, सौजन्यमूर्ती, केवळ संख्याबळापुढे नमलेला सेनानी. त्याने १ जून १८६२ रोजी व्हर्जिनियातील फौजेची सूत्रे घेतली तेव्हा शत्रू दक्षिणेच्या राजधानीच्या, रिचमंडच्या वेशीवर होता, आणि तीन महिन्यांत त्याने तो वॉशिंग्टनच्या दारापर्यंत मागे ढकलला, हे कोणीही नाकारणार नाही. चॅन्सलर्सव्हिलला (मे १८६३) आपल्या दुपटीहून मोठ्या फौजेसमोर त्याने स्वतःचे सैन्य विभागले, आणि विभागलेल्यातले पुन्हा विभागले. असे धाडस करायला छातीही लागते आणि समोरच्या उत्तरेच्या सेनापतीच्या, हुकरच्या स्वभावाची पारखही लागते. परंतु दोनच महिन्यांनी, ३ जुलैला, त्याच माणसाने गेटिसबर्गच्या उघड्या माळावरून सुमारे साडेबारा हजार माणसे शत्रूच्या मध्यभागावर चालवत नेली, आणि त्यांतली जवळपास निम्मी ठार, जखमी किंवा कैद झाली. परतणाऱ्या शिपायांना सामोरे जाऊन ‘हा दोष माझा’ असे ली म्हणाला, हे सर्वत्र सांगितले जाते. गंमत अशी, की लीने स्वतःवर घेतलेला हा दोष त्याच्या भक्तांनी त्याच्यापाशी राहू दिला नाही.

आणि येथे जेम्स लाँगस्ट्रीट येतो. लीचा सर्वांत ज्येष्ठ कोअर-सेनापती (कोअर म्हणजे अनेक डिव्हिजनांचा मोठा विभाग), लीच ज्याला आपला जुना लढवय्या घोडा म्हणत असे. गेटिसबर्गला दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी समोरून हल्ला करू नये, शत्रूच्या डाव्या बगलेकडून वळसा घालावा, असे त्याचे मत होते आणि त्याने ते बोलून दाखवले होते. युद्धानंतर त्याने दक्षिणेच्या लोकांना पराभव मान्य करून नव्या व्यवस्थेत सामील होण्याचा सल्ला दिला, १८६८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जुना मित्र ग्रँट याला पाठिंबा दिला आणि त्याच्याच राजवटीत सरकारी नोकरी पत्करली. १८७४ मध्ये तर न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर तो गोऱ्या बंडखोरांविरुद्ध मिलिशियाचे नेतृत्व करत उभा राहिला, आणि त्या मिलिशियात कृष्णवर्णीय शिपाई होते. त्याच्या पूर्वीच्या सहकाऱ्यांना हे पचणे शक्य नव्हते.

तारखा नीट पाहाव्यात. ली ऑक्टोबर १८७० मध्ये वारला. तो हयात असेपर्यंत लाँगस्ट्रीटवर जाहीर आरोप झाले नाहीत. १८७२ च्या जानेवारीत ज्यूबल अर्लीने लेक्सिंग्टनच्या व्याख्यानात लाँगस्ट्रीटवर दिरंगाईचा ठपका ठेवला, आणि पुढच्या वर्षी लीचा तोफखानाप्रमुख पेंडलटन याने असे सांगितले, की लीने २ जुलैला सूर्योदयाच्या वेळी हल्ला करण्याचा हुकूम दिला होता आणि लाँगस्ट्रीटने तो पाळला नाही. लाँगस्ट्रीटने लीच्या खासगी स्टाफमधील अधिकाऱ्यांना पत्रे घालून विचारले, तर असा हुकूम कोणाच्याच माहितीत नव्हता. बरे, हे आरोप करणारा अर्ली कोण? पहिल्या दिवशी संध्याकाळी सिमेट्री हिल ही टेकडी घ्यायची राहून गेली, त्या बाजूच्या सेनापतींपैकी एक. पुढे १८६४ च्या शरद ऋतूत शेननडोआ खोऱ्यात आपली फौज गमावून बसलेलाही तोच. कोर्टात असा साक्षीदार आला असता तर पहिल्याच उलटतपासणीत बसला असता. परंतु इतिहासाच्या कोर्टात दुसऱ्या बाजूचा वकील वीस वर्षे उशिरा पोहोचला. लाँगस्ट्रीटच्या आठवणी १८९६ मध्ये आल्या, तोवर निकाल लागला होता, आणि त्या आठवणींतील चिडका सूर त्याच्या मदतीला आला नाही.

उत्तरेचा सेनापती ग्रँट याची गोष्ट वेगळी. त्याला ‘खाटीक’ म्हटले गेले ते १८६४ च्या मे-जूनमधील मोहिमेमुळे, कारण सहा आठवड्यांत त्याची सुमारे ५५ हजार माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. पण त्याच ग्रँटने आदल्या वर्षी व्हिक्सबर्गला काय केले होते ते पाहावे. ३० एप्रिल १८६३ रोजी त्याने मिसिसिपी ओलांडली, रसदीच्या नेहमीच्या मार्गावर विसंबून न राहता मुलूखातूनच धान्य उचलले, अडीच आठवड्यांत पाच लढाया जिंकल्या आणि ४ जुलैला २९ हजारांहून अधिक सैन्यासह ते शहर शरण आणले. ही खाटकाची कामे नव्हेत. आणि मला त्याची परीक्षा व्हिक्सबर्गपेक्षाही वाइल्डरनेसच्या लढाईनंतरच्या रात्री दिसते. ५ आणि ६ मे १८६४ रोजी त्या झाडीत त्याची १७ हजारांहून अधिक माणसे गेली. पूर्वीचे सगळे सेनापती अशा धक्क्यानंतर नदीपलीकडे परतले होते. ७ तारखेच्या रात्री सैन्याची रांग एका चौरस्त्यावर पोहोचली. डावीकडे वळले तर माघार, सरळ गेले तर दक्षिण. रांग सरळ गेली, आणि दोन दिवस मार खाल्लेल्या शिपायांनी अंधारात जयघोष केला. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी माणूस कोणत्या रस्त्याला लागतो, हे मी सेनापतीकडे प्रथम पाहतो.

राहिला जॉर्ज थॉमस. हा व्हर्जिनियाचा. लीच्याच राज्यात जन्मलेला, पण उत्तरेशी एकनिष्ठ राहिलेला. चिकामॉगाला (२० सप्टेंबर १८६३) बाकी फौज पळत सुटली असताना हा टेकडीवर पाय रोवून उभा राहिला. नॅशव्हिलला (१५ आणि १६ डिसेंबर १८६४) त्याने दक्षिणेच्या हूडची फौज अशी मोडली, की ती पुन्हा फौज म्हणून उभी राहिली नाही. त्याने आठवणी लिहिल्या नाहीत, खासगी कागदपत्रे मागे ठेवली नाहीत आणि १८७० मध्ये तो वारला. उत्तरेचाच सेनापती शर्मन याच्या आठवणी १८७५ मध्ये आल्या, ग्रँटच्या १८८५ मध्ये. दोघांनी लिहिलेल्या पानांत थॉमस म्हणजे चांगला पण सुस्त माणूस, आणि आपण अजून तीच पाने वाचतो आहोत.

जाणकारांनी मते द्यावीत.

गणितमास्तर

लेख आवडला. परंतु चरित्रांकडून थोडे आकड्यांकडे वळावे, असे सुचवतो. ‘खाटीक’ कोण, हे फळ्यावर मांडून पाहता येते. १८६४ च्या मोहिमेत ग्रँटपाशी सुमारे १ लाख २० हजार माणसे होती, त्यांपैकी ५५ हजार गेली, म्हणजे सुमारे ४६ टक्के. लीपाशी सुमारे ६५ हजार होती, त्यांपैकी ३० हजारांहून अधिक गेली, म्हणजे प्रमाण जवळपास तेच. चॅन्सलर्सव्हिल हा लीचा सर्वांत देखणा विजय मानला जातो. तेथे त्याच्या ६० हजारांपैकी सुमारे १३ हजार गेले, म्हणजे २२ टक्के, तर हरलेल्या हुकरच्या १ लाख ३० हजारांपैकी सुमारे १७ हजार गेले, म्हणजे १३ टक्के. रिचमंडसमोरच्या सात दिवसांच्या लढाईत तर विजेत्या लीची सुमारे २० हजार माणसे गेली आणि माघार घेणाऱ्या उत्तरेच्या मॅक्लेलनची १६ हजार. ज्याच्याकडे माणसे मुळात कमी त्याने ती इतक्या सढळ हाताने खर्च करावीत, याला मी दिवाळखोरी म्हणेन. खाटीक हे विशेषण लावायचेच असेल तर ते भलत्याच माणसाला लागले आहे.

शुक्रतारा

मास्तर, आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हेच गणित मांडतो. दोन असमान फौजांनी एकमेकींची सारखीच माणसे मारली तरी लहान फौजेची टक्केवारी आपोआप मोठी दिसते. त्यात सेनापतीचा दोष किती आणि भागाकाराचा किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही. शिवाय हल्ला करणाऱ्याचे नुकसान जास्त होणार, ही त्या काळातील पल्लेदार रायफल आणि खंदक यांची देणगी होती.

खरा प्रश्न असा, की लीने इतके हल्ले केले तरी का? दक्षिणेपाशी माणसे, कारखाने, रेल्वे, पैसा, सगळेच कमी होते, त्यामुळे लांबणारे युद्ध म्हणजे खात्रीचा पराभव, असे त्याचे गणित होते. उत्तरेच्या मतदाराला युद्धाचा वीट यावा, यासाठी उत्तरेच्या भूमीवर एखादा मोठा विजय हवा, म्हणून १८६२ मध्ये मेरीलँड आणि १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनिया. हे चुकले असेल, पण यामागे विचार नव्हता असे नाही. २३ ऑगस्ट १८६४ रोजी खुद्द लिंकनने, आपण बहुधा निवडणूक हरणार, असे एका कागदावर लिहून त्यावर मंत्रिमंडळाच्या न वाचताच सह्या घेतल्या होत्या. दहाच दिवसांनी शर्मनने अटलांटा घेतले आणि चित्र पालटले. म्हणजे उत्तरेची चिकाटी सुटण्याच्या बेतात होती, हा लीचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता.

आता माझी खरी तक्रार धागाकर्त्यांकडे आहे. नेतृत्व जोखताना आपण सगळे बगल, रसद, माघार यांत रमलो आणि हे युद्ध गुलामगिरीवरून झाले, ही गोष्ट चार सेनापतींच्या चित्रांत एकदाही आली नाही. १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात शिरलेल्या लीच्या फौजेने कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना पकडून गुलाम म्हणून दक्षिणेत पाठवले, आणि त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेली माणसेही होती. ऑक्टोबर १८६४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीची बोलणी निघाली तेव्हा, पूर्वी गुलाम असलेले शिपाई अदलाबदलीत धरता येणार नाहीत, असे लीने कळवले, आणि त्या अटीवर ग्रँटने अदलाबदल नाकारली. उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय शिपाई होते. सौजन्यमूर्ती या प्रतिमेत ही पत्रे कोठे बसतात? सेनापतीच्या हाताखालची फौज कोणाशी कशी वागते, हा नेतृत्वाचाच भाग आहे, त्याला पुरवणी म्हणून शेवटी जोडू नये.

नियंत्रणकक्ष

माझी हयात मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या नियंत्रण कक्षात गेली, त्यामुळे माझे सेनापतींकडे पाहणे थोडे तिरके आहे, ते गोड मानून घ्यावे. लढाईची वर्णने वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, की ही सगळी माणसे तेथे आली कशी आणि जेवली काय?

चिकामॉगाचेच उदाहरण घ्या. लाँगस्ट्रीटच्या दोन डिव्हिजनांना व्हर्जिनियातून जॉर्जियात न्यायचे होते. टेनेसीमधून जाणारा जवळचा लोहमार्ग हातचा गेला होता, म्हणून कॅरोलायना राज्यांतून वळसा घालत, मोडकळीस आलेल्या रुळांवरून, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या बदलत ही माणसे गेली. परिणाम असा, की प्रत्यक्ष लढाईला त्यांतल्या पाचच ब्रिगेड वेळेवर पोहोचल्या. या पराभवानंतर उत्तरेने काय केले? दोन कोअर, म्हणजे वीस हजारांवर माणसे, तोफांसह सुमारे १२०० मैल हलवली. ओहायो नदी दोनदा ओलांडायची, दोन्ही ठिकाणी रेल्वेचा पूल नाही, तरी पहिल्या तुकड्या आठवड्याभरात पोहोचल्या आणि बाराव्या दिवसाच्या आसपास बहुतेक सगळे पायदळ मुक्कामी होते. ज्याने मेगाब्लॉकच्या रविवारी एका फलाटावरची गर्दी दुसऱ्या फलाटावर नेऊन दाखवली असेल त्यालाच या कामाची किंमत कळेल. या कामाचा पुतळा मात्र कोणी उभारलेला ऐकला नाही.

शर्मनबद्दलही तेच. समुद्रापर्यंतची त्याची कूच सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याआधी १ मे ते १२ नोव्हेंबर १८६४ असे १९६ दिवस त्याने एक लाख माणसे आणि ३५ हजार जनावरे ४७३ मैलांच्या एकेरी रुळावर जगवली. शत्रूचे घोडदळ तो रूळ उखडायचे आणि याची माणसे एक-दोन दिवसांत जोडून गाडी सोडायची. अटलांटा पडले ते त्या रुळावर.

आणि आता थॉमस. सुस्त म्हणतात त्याला! २ डिसेंबरला हूड नॅशव्हिलसमोर येऊन बसला. थॉमसच्या घोडदळापाशी पुरेसे घोडे नव्हते. हूडला हरवून भागणार नव्हते, त्याचा पाठलाग करून त्याला संपवायचे होते, आणि घोड्यांवाचून पाठलाग कसला? म्हणून त्याने आजूबाजूच्या मुलूखातले मिळतील ते घोडे गोळा करायला घेतले. ते होते न होते तोच पावसाबरोबर बर्फ पडला आणि जमीन अशी निसरडी झाली, की माणूसही उभा राहीना. इकडे व्हर्जिनियातून ग्रँटच्या तारांवर तारा : हल्ला करा, ताबडतोब करा. थॉमसने शांतपणे उत्तर दिले, की बर्फ वितळल्याशिवाय हल्ला करता येणार नाही, मला काढायचे असेल तर माझी तक्रार नाही. ग्रँटने त्याच्या जागी लोगनला रवाना केले आणि स्वतःही निघाला. लोगन लुइव्हिलला पोहोचला तोवर नॅशव्हिलचा निकाल लागला होता. जागेवर उभ्या असलेल्या माणसाला शेकडो मैलांवरून ‘गाडी का सोडत नाही’ असे विचारणारा वरिष्ठ मी पाहिलेला आहे. रुळावर पाणी आहे, हे त्याला फोनवर दिसत नसते.

मुळामुठा

पुण्याहून दोन ओळी. धागाकर्त्यांनी जे लाँगस्ट्रीटबद्दल लिहिले ते आपल्याला परके नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, मल्हारराव होळकर परतले, आणि पुढच्या बखरींत कोणाचे कोणाशी जमत होते यावरून दोष वाटला गेला. मेलेला माणूस उत्तर देत नाही आणि परतलेल्याचे उत्तर कोणी ऐकत नाही. आपल्या स्वतःच्या यादवीत, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेला धूळ चारणारे यशवंतराव होळकर पुण्याच्या आठवणीत लुटारू, आणि दोनच वर्षांनी इंग्रजांच्या मॉन्सनची दाणादाण उडवणारे तेच यशवंतराव स्वातंत्र्याचे झुंजार सेनानी. माणूस एकच, घोडाही बहुधा तोच. यावर वेगळा धागा काढावा लागेल, येथे लांबवत नाही.

खारजमीन

मॅक्लेलनची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून घेतो. १८६१ च्या उन्हाळ्यात पळून आलेल्या जमावातून त्याने उत्तरेची पोटोमॅकची फौज घडवली. ग्रँटने जी तलवार चालवली ती घासून ठेवणारा हा. कवायत, तंबू, बूट, जेवण यांकडे त्याने लक्ष दिले, आणि म्हणून शिपायांनी त्याच्यावर जीव टाकला.

बोरीबंदर (धागाकर्ता)

खारजमीन, तलवार घासून ठेवली हे मान्य, पण म्यानातून निघेना त्याचे काय? सप्टेंबर १८६२ मध्ये लीच्या मोहिमेचा संपूर्ण आराखडा, सिगारांना गुंडाळलेला, मॅक्लेलनच्या शिपायांना एका शेतात सापडला. शत्रूची फौज चार-पाच तुकड्यांत विखुरली आहे, हे त्याला कागदावर दिसत होते. तरी त्याने सावकाशीने पावले टाकली. १७ तारखेच्या अँटिटमच्या लढाईत, ज्या एका दिवसात दोन्ही बाजूंची मिळून सुमारे २३ हजार माणसे पडली, त्याने आपल्या फौजेचा मोठा भाग वापरलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी लीला नदीपार जाऊ दिले. शिपायांवर त्याचे प्रेम होते, यात शंका नाही. पण ते प्रेम इतके, की त्यांना कामाला लावायला त्याचे मन घेईना, आणि म्हणून युद्ध लांबून तेच शिपाई पुढच्या अडीच वर्षांत मेले.

शुक्रताराताई, तुमची तक्रार खरी आहे आणि ती मी विनाअट स्वीकारतो. टेबलावरचे वाटाणे-हरभरे कोणाला पकडून नेत नाहीत, हा त्या खेळाचा दोष माझ्या लेखातही उतरला. इतकेच जोडतो, की लाँगस्ट्रीटला बळीचा बकरा करण्यामागेही हेच कारण होते. अर्ली आणि त्याच्या मंडळींना युद्ध हरल्याचे स्पष्टीकरण असे हवे होते, की ज्यात गुलामगिरीचे नाव नको आणि लीची चूकही नको. मग उरले काय? संख्याबळ आणि एक फितूर. दोन्ही तयार होते.

मुळामुठा, माणूस एक आणि घोडाही एक, हे वाक्य उचलतो आहे.

गणितमास्तर

शुक्रतारा यांनी भागाकाराचा मुद्दा बरोबर पकडला. रात्री पुन्हा मांडून पाहिले. माझ्याच आकड्यांत चॅन्सलर्सव्हिलला लीने १३ हजार देऊन १७ हजार घेतले, हे मी टक्केवारीच्या नादात झाकून टाकले होते. दिवाळखोरी हा शब्द मागे घेतो. उधळेपणा ठेवतो, कारण गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवसासाठी दुसरा शब्द सापडत नाही.

हूडविषयी मात्र कोणी काही बोलू नये असे वाटते. दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन मागे मागे सरतो म्हणून १७ जुलै १८६४ रोजी त्याला काढले आणि लढवय्या म्हणून हूडला नेमले. एक हात गेटिसबर्गला निकामी झालेला, एक पाय चिकामॉगानंतर कापलेला. ३० नोव्हेंबरला फ्रँकलिनच्या मैदानात त्याने उघड्यावरून हल्ला चढवला आणि त्यात त्याचे सहा जनरल मृत्युमुखी पडले. धाडस हा गुण वर चढवण्याच्या कामी येतो खरा, पण डिव्हिजन चालवणे आणि फौज चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे नेमणूक करणाऱ्या दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षाला, जेफर्सन डेव्हिसला कळायला हवे होते. शाळेत उत्तम शिक्षकाला मुख्याध्यापक करून आम्ही दोन्ही गमावतो, तसेच हे.

शुक्रतारा

पुतळ्यांचा विषय नियंत्रणकक्ष यांनी काढलाच आहे, म्हणून लिहिते. रिचमंडमधील लीचा अश्वारूढ पुतळा १८९० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी उभा राहिला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला गेला. गेटिसबर्गच्या मैदानावर लीचा पुतळा उंच चौथऱ्यावर आहे, १९१७ पासून. लाँगस्ट्रीटचा पुतळा तेथे उभा राहायला १९९८ साल उजाडले. त्याला चौथरा नाही. झाडांमध्ये जमिनीवरच घोडा आहे आणि माणसे शेजारी उभी राहून छायाचित्र काढतात.

आपल्याकडे काळ्या घोड्यावरून सातव्या एडवर्डला १९६५ मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत हलवले. स्वार गेला, पण भागाचे नाव घोड्याचेच राहिले, आणि २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेला घोडा बसवला. रिचमंडमध्ये तो चौथराही नंतर काढून टाकला. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले होते, की पुतळा काढल्याने सेनापती लहान होतो का? मी म्हटले, उभारल्याने मोठा झाला असेल तर होणारच.

नियंत्रणकक्ष

छान. पण धागाकर्ते, ग्रँटला तुम्ही फार स्वस्तात सोडले आहे. वाइल्डरनेसनंतरचा चौरस्ता सांगितलात, कोल्ड हार्बर नाही सांगितले. ३ जून १८६४ ची सकाळ. समोर पुरे झालेले खंदक, जमिनीची पाहणी न केलेली, आणि हल्ला. दुसऱ्या दिवशी कोणता रस्ता धरला, हे तुमचे माप येथे लावून दाखवा.

बोरीबंदर (धागाकर्ता)

लावतो, आणि ते मला सोयीचे नाही. दीड आठवड्याने ग्रँटने काय केले ते सगळ्यांना सांगायला आवडते. त्याने लीच्या नाकासमोरून फौज उचलली, जेम्स नदीवर दोन हजार फुटांहून लांब तरंगता पूल टाकला आणि ली रिचमंड राखत बसलेला असताना पीटर्सबर्गसमोर जाऊन उभा राहिला. तो रस्ता त्याने बरोबरच धरला. आपल्या आठवणींत त्याने कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याचा आपल्याला नेहमी पश्चात्ताप वाटला असे स्वच्छ लिहिले आहे. घशाच्या कर्करोगाने बोलता येईना तेव्हा चिठ्ठ्या लिहून काम चालवणाऱ्या, मृत्यूच्या काही दिवस आधी हस्तलिखित पुरे करणाऱ्या माणसाने ते वाक्य गाळले नाही, म्हणून मी त्याला आजवर सूट देत आलो.

पण तुम्ही ‘दुसऱ्या दिवशी’ असे विचारले आहे, दीड आठवड्याने नव्हे. तीन तारखेला पडलेले जखमी दोन्ही खंदकांच्या मधल्या पट्टीत उन्हात होते. ग्रँटचे पहिले पत्र पाच तारखेला गेले. त्यात त्याने असे सुचवले, की लढाई चालू नसेल त्या वेळी दोन्ही बाजूंनी निःशस्त्र माणसे पाठवून आपापले जखमी उचलावेत. लीने उत्तर दिले, की यासाठी रीतसर पांढरे निशाण पाठवून परवानगी मागावी लागेल. ते निशाण पाठवणे म्हणजे हरलो असे कबूल करणे, हे दोघांनाही ठाऊक होते. मग पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर, वेळ कोणती ठरवायची, निरोप उशिरा पोहोचला, पुन्हा पत्र. दोघांची भाषा अत्यंत सभ्य आहे. सात तारखेच्या संध्याकाळी दोन तासांचा तह झाला आणि माणसे स्ट्रेचर घेऊन गेली. ग्रँटनेच लिहून ठेवले आहे, की तोवर दोन सोडून बाकी सगळे जखमी मेले होते.